मागची गुणगुण

३ फेब्रुवारी १९९७, सोमवार
सकाळी ९ वाजून २० मिनिटं

मामा, नमस्कार.

एका गिऱ्हाइकाच्या रेडिओचं आवाजाचं बटण खोलून मी आतली काजळी कापसाने पुसत होतो, तेवढ्यात तुमचं खोकं आलं. आणणाऱ्याने ते दारातच धपकन टाकलं. खोकं उघडण्याआधी मी त्याला मोठ्याने "हळू!" म्हणालो, पण तोवर तो गेला होता.

तुमचं टेपचं यंत्र शाबूत आहे. डाव्या बाजूचा एक पाय तुटला आहे, पण तो तुटलेला पाय खोक्यात सापडला नाही, म्हणजे तुमच्याकडेच असावा किंवा आधीच गेलेला असावा. कृपया कळवा. आमच्या दुरुस्तीच्या दुकानाच्या मालकांनी यंत्र उचलून पाहिलं आणि म्हणाले, "असं वजन आता यंत्रांना नसतं, त्यांच्या पावत्यांना असतं."

आत फिरणारा रबरी पट्टा चिकट होऊन काळ्या गुळासारखा झाला आहे. टेप दाबून धरणारं रबरी चाक दगडासारखं कडक आहे. दोन्ही बदलावे लागतील. टेपचं रीळ, म्हणजे स्पूल, एकच आहे, डब्यावर तुमच्या अक्षरात "मार्च १९६४" इतकंच लिहिलं आहे. टेप उजेडात धरून पाहिली, पलीकडची खिडकी दिसते. म्हणजे ती जुन्या जातीची, ठिसूळ टेप आहे. मला तिची भीती वाटते. तिच्यावर काय आहे, किती मिनिटं आहे, आणि बिघडली तर दुसरी प्रत कुठे आहे का, हे तीनही प्रश्न सुटल्याशिवाय मी ती यंत्रावर चढवणार नाही.

आई बरी आहे. ती म्हणते, तुम्हाला फोन लावला की तुम्ही "हो, हो" म्हणून ठेवून देता.

तुमचा भाचा


११ फेब्रुवारी

शुद्धलेखनराव,

तुझं पत्र पोचलं. शाळा नववीत सोडून तू एकही वेलांटी चुकवत नाहीस आणि मी पदवी घेऊन जन्मभर चुकवत आलो. तुझ्या आईने लहानपणी माझी वही बघितली असती तर तुला माझ्याकडे मोर्स शिकायला पाठवलंच नसतं.

उत्तरं घे. पाय तुटल्याला वीस वर्षं झाली, पायाच्या जागी पुस्तक ठेवायचो. टेप अकरा मिनिटांची. दुसरी प्रत नाही.

तिच्यावर माझा पहिला लांबचा संपर्क आहे. पृथ्वीच्या पार पलीकडच्या बाजूचा एक माणूस, मी जन्मात न पाहिलेला, टिंबं-रेघांमधून माझ्याशी अकरा मिनिटं बोलला. ट्रान्समीटर मी स्वतः बनवलेला होता. हात असे कापत होते की माझी मोर्स त्याला तोतरी ऐकू गेली असणार. यंत्र नवं होतं म्हणून म्हटलं, हे धरून ठेवू. माईक रेडिओच्या स्पीकरपुढे टेबलावर ठेवला होता, त्यामुळे खोलीतलंही आलेलं असणार.

आमच्या हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबात ती ऐकवायची आहे. म्हातारे खूश होतील. तू ती कॅसेटवर उतरवून दे. घाई नाही, पण फार वेळही लावू नकोस. फोन करू नकोस, माझा फोन नादुरुस्त आहे.

आम्हा रेडिओवाल्यांच्या रीतीने, ७३. म्हणजे शुभेच्छा, तुला आठवत असेलच.

मामा


२४ फेब्रुवारी १९९७, सोमवार
दुपारी १ वाजून ५ मिनिटं, डबा खाऊन झाल्यावर

मामा, नमस्कार.

काम झालं आहे आणि मनापासून सांगतो, चांगलं झालं आहे.

पट्टा नवा बसवला. चाकाचं रबर मालकांनी ओळखीच्या कारखान्यातून नव्याने चढवून आणलं. टेपवरचा आवाज वाचणारं हेड स्पिरिटने चार वेळा पुसलं. कापसाचा पहिला बोळा तपकिरी निघाला, चौथा पांढरा. मग टेप लावली. मामा, तुमची मोर्स तोतरी अजिबात नाही. समोरच्या माणसाचा सूर बारीक आहे आणि मध्येच बुडतो, मग वर येतो, जणू कुणी विहिरीतून बोलत आहे.

पण टेपवर खरखर फार होती. यंत्राची घरघर, कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज, एक खुर्ची सरकली, आणि चौथ्या मिनिटाच्या आसपास मागे कुणी बाई बोलत असल्यासारखी गुणगुण. ती तर नेमकी समोरचा माणूस बुडतो तिथेच. क्लबातल्या लोकांना काही कळलं नसतं. मग मालकांच्या माळ्यावर मोर्ससाठीचा जुना फिल्टर सापडला. तुम्हाला माहीतच आहे, तो एकच सूर पुढे सोडतो, बाकी सगळं अडवतो. तो मध्ये जोडून मी टेप कॅसेटवर उतरवली. आता नुसती टिंबं आणि रेघा. मागे काही नाही, काळी पाटी असावी तसं. मालक दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "हे आज सकाळचं वाटतं." ते सहसा कुणाला चांगलं म्हणत नाहीत.

कॅसेट सोबत पाठवत आहे. मूळ टेप माझ्याकडे सुरक्षित ठेवली आहे. ती पाठवण्याची घाई नसावी असं वाटतं.

तुमचा भाचा


६ मार्च

प्रिय भाच्या,

कॅसेट मिळाली. ऐकली. फारच स्वच्छ आहे. तू मेहनत घेतलीस ते दिसतं. मालकांना नमस्कार सांग.

मूळ टेप आहे ना नीट?

मामा


१५ मार्च १९९७, शनिवार
सकाळी ६ वाजून ५० मिनिटं, दुकान उघडण्याआधी

मामा,

तुमचं पत्र चार ओळींचं आहे. मी त्या चार ओळी या काही दिवसांत किती वेळा वाचल्या ते सांगत नाही. तुम्ही मला शुद्धलेखनराव म्हटलं नाहीत. खाली ७३ नाही. आणि शेवटचा प्रश्न. तुम्हाला कळलं आहे. कसं कळलं ते माहीत नाही, कदाचित मी "सुरक्षित" हा शब्द लिहिला त्यावरूनच.

टेप तुटली आहे.

कॅसेट उतरवून झाल्यावर मी टेप मागे गुंडाळायला लावली. ती हाताने गुंडाळायला हवी होती. मालक आधी म्हणालेही होते, "अरे, म्हातारीला पळवू नकोस." मी म्हटलं, अकरा मिनिटांचीच आहे. चौथ्या मिनिटाच्या जागी ती पट्दिशी तुटली आणि मी बटण दाबेपर्यंत सुटं टोक गरगर फिरत यंत्राच्या झाकणावर आपटत राहिलं. जमिनीवर नऊ तुकडे पडले. सगळ्यात लांब तुकडा माझ्या पूर्ण हाताएवढा, सगळ्यात लहान वीतभर. सगळे मिळून ३ मीटर ९० सेंटीमीटर, म्हणजे वेळेच्या हिशेबाने ४१ सेकंद. बाकी दोन्ही बाजूंची टेप स्पूलवर धड आहे.

तुकडे मी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात कागदांच्या घड्यांमध्ये ठेवले आहेत. पण ते गोळा करताना कुठला आधी, कुठला नंतर, हे गेलं. मी घाबरून सगळे एकदम उचलले. हीच माझी सगळ्यात मोठी चूक आहे, तुटण्यापेक्षाही.

तुमचा पहिला संपर्क कॅसेटवर पूर्ण आहे, एवढंच समाधान. पण मी खोटं लिहिलं. मालकांनाही मी दोन आठवड्यांनी सांगितलं. ते रागावले नाहीत, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. म्हणाले, "तुकडे झालेत, चुरा नाही झाला. ही जात ताणून लांब होत नाही, सरळ तुटते. म्हणूनच जोडता येते." पण क्रम माहीत नसेल तर जोडून काय उपयोग?

तुम्ही रागावला असाल तर तसं स्पष्ट लिहा. चार ओळींचं पत्र पुन्हा पाठवू नका.

भाचा


२१ मार्च

शुद्धलेखनराव, शुद्धलेखनराव,

मला काहीच कळलं नव्हतं! तुझं पत्र वाचून मी आधी हसलो आणि मग माझा मी शरमलो. तू टेप तुटल्याचं लपवलंस आणि मी त्याहून मोठं लपवलं. आता माझी पाळी.

क्लब दोन वर्षांपूर्वी बंद पडला. आम्ही तिघे उरलो होतो, त्यातला एक मुलाकडे गेला आणि एक देवाकडे. कुणाला काही ऐकवायचं नव्हतं. मोर्स मला हवी नव्हती. मोर्स माझ्या डोक्यात आहे.

ती मागची गुणगुण तुझी मामी होती.

तिला जाऊन या उन्हाळ्यात दोन वर्षं होतील. फोटो आहेत. तिची पत्रं आहेत. आवाज एवढाच आहे, त्या टेपवर, त्या चौथ्या मिनिटात. आणि मजा अशी, की ती काय बोलली ते मला माहीत नाही. समोरचा माणूस बुडत होता, मी पेन्सिल घट्ट धरून अक्षरं टिपत होतो. ती मागे येऊन उभी राहिली आणि बोलायला लागली. मी मागे न बघता डावा हात वर केला, गप्प राहा म्हणून. ती बोलतच राहिली. बरंच बोलली. मग गेली. संपर्क संपल्यावर मी घरभर नाचलो आणि तिला उचलून गोल फिरवलं, पण "तू काय म्हणत होतीस" असं विचारायचं राहिलं. मग तेहतीस वर्षं राहिलं. एवढी वर्षं संसार केला, पण हा एक हात वर केलेला माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

फोन नादुरुस्त नाही. कान नादुरुस्त आहेत. गंमत बघ, बारीक सूर अजून सुईसारखे ऐकू येतात, पण माणसाचं बोलणं भिंतीपलीकडचं वाटतं. म्हणून तुझे कान उसने मागितले. ऐंशीला टेकलेल्या माणसाने "बायकोचा आवाज ऐकायचा आहे" असं भाच्याला लिहायचं कसं? म्हणून क्लब पुढे केला. तुझी कॅसेट लावली तेव्हा मी वाट बघत बसलो चौथ्या मिनिटाची. ते आलं आणि गेलं. काळी पाटी, तू म्हणालास तशी. तुला काय लिहिणार? तू तर तुझं सगळ्यात चांगलं काम केलं होतंस. म्हणून चार ओळी.

आता ऐक. क्रम तुझ्याकडे नाही, पण माझ्याकडे आहे. तुझी स्वच्छ कॅसेट मी दोन दिवस लावून बसलो आणि चौथ्या-पाचव्या मिनिटातलं अक्षरन् अक्षर टिपून काढलं. वेगळ्या कागदावर सोबत आहे, त्याच्या भाषेतलं, मूळ अक्षरांसकट. मजकुराचा अर्थ असा: "माझा एरियल दोन झाडांना बांधला आहे. एक झाड माझं. दुसरं शेजाऱ्याचं. त्याला अजून माहीत नाही. वारा सुटला की दोन्ही झाडं हलतात आणि मी बुडतो." १९६४ची माझी वही काढून पाहिली. तिच्यात "दुसरं" नंतर नुसत्या आडव्या रेघा आहेत. तिथेच मी हात वर केला होता.

प्रत्येक तुकडा वाजवून बघ, त्यावर कुठली अक्षरं आहेत ते लिही आणि माझ्या कागदाशी जुळव. तुला लहानपणी मी टेबलावर टकटक करून मोर्स शिकवली ती काय उगाच?

जमलं नाही तरी तू माझा भाचाच आहेस. हे पत्र मात्र चार ओळींचं नाही, बघ.

७३
मामा


२ एप्रिल १९९७, बुधवार
सकाळी ११ वाजून ४० मिनिटं

मामा, नमस्कार.

आत्ता हेडफोन काढून ठेवला आणि लगेच लिहायला बसलो आहे. मालकांनी मला उरलेला दिवस सुट्टी दिली. मी मागितली नव्हती. त्यांनी शेवटची दोन मिनिटं माझ्यासोबत ऐकली आणि मग "जा, पत्र लिही" म्हणून स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले.

आधी काम कसं केलं ते सांगतो, म्हणजे कुठे शंका घ्यावी ते तुम्हाला कळेल.

प्रत्येक तुकड्याला दोन्ही बाजूंना कोरी टेप चिकटवली आणि एकेक वाजवला. तुकडा उलटा लागला तर आवाजच येत नव्हता, कारण तुम्ही टेपच्या रुंदीचा एकच अर्धा भाग भरला आहे. त्यामुळे दिशा आपोआप कळली. यात मी आधी उगाच एक दिवस काळजी केली. मग अक्षरं लिहिली. आठ तुकडे तुमच्या कागदाशी बरोबर जुळले. नववा, वीतभर लांबीचा, त्यावर फक्त एक रेघ आणि एक टिंब होतं. तुकड्यांच्या टोकांची अक्षरं अर्धीच असल्याने तेवढं तर सहा ठिकाणी बसतं. तो कुठे लावायचा ते मला मोर्सवरून कळलं नाही. मामींवरून कळलं. एका तुकड्याच्या शेवटी त्या "दुकानाचं" म्हणतात आणि नवव्याच्या सुरुवातीला "दार" ऐकू येतं. मालकांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. बसला.

जोड दहा आहेत. सातव्या जोडावर अर्धा शब्द गेला आहे, तो परत येणार नाही. जिथे ऐकू आलं नाही तिथे मी टिंबं ठेवली आहेत, अंदाजाने काही भरलेलं नाही.

सगळं जोडून झाल्यावर मालकांनी मला तोच फिल्टर उलट्या पद्धतीने जोडायला दाखवला. आता तो नेमका तेवढाच सूर अडवतो आणि बाकी सगळं सोडतो. अलीकडची, पलीकडची सगळी मोर्स खाली दबून गेली आणि खोली वर आली. तुमच्या जुन्या घरातल्या त्या खोलीत मी कधी आलो नाही, मामा, पण आता मला ती माहीत आहे. एक घड्याळ आहे, जवळच. फरशी आहे, लाकूड नाही, कारण खुर्ची सरकताना करकरते, लाकडावर तसा आवाज येत नाही. मामींची चप्पल एका पायाची जरा घसटते. मी त्यांना ओळखलं कसं नाही म्हणून मला राहून राहून वाटतं. त्या "अहो" म्हणताना शेवट लांबवायच्या, तो तसाच आहे. फक्त आवाज कोवळा आहे.

नवी कॅसेट सोबत आहे. आवाज खूप वाढवून ऐका. शेजारी रागावले तरी चालेल. शब्द लागले नाहीत तर हा कागद समोर धरा. मी बावीस वेळा ऐकून लिहिलं आहे.

(चप्पल. भांडं टेबलावर ठेवल्याचा आवाज.)

"अहो... ऐकताय का? नाही ऐकत. बरं झालं. तुम्ही ऐकत नसता तेव्हाच पैशाचं बोललेलं बरं, नाहीतर मला वायरी समजावत बसाल."

(इथे मामी हसतात. मोर्स चालू.)

"मी काल दुकानात गेले होते. त्या तुमच्या दुकानदाराने मला बघून आधी दुकानाचं दारच लोटलं. म्हटलं, भाऊ, घाबरू नका, भांडायला नाही आले, भाव विचारायला आलेय. त्याने वहीच पुढे केली बिचाऱ्याने."

(इथे त्या एकेक आकडा सांगतात, तुम्ही त्यांना सांगितलेला आणि वहीतला खरा. ते बोलण्यात दोनदा मागेपुढे होतात, म्हणून मी खाली वेगळे मांडले आहेत.)

"...आणि हप्त्यातले साठ राहिले होते ना, ज्याच्यासाठी तुम्ही रस्ता बदलून जाता, ते मी देऊन आले. शिवणाचे आले होते त्यातून. नाव खोडायला लावलं माझ्यासमोर. आता सरळ रस्त्याने जात ... ."

(सातवा जोड.)

"हात कशाला वर करताय? बोला तुम्ही त्याच्याशी, मी कुठे अडवतेय. एवढ्या लांबून आलाय तो. त्याला माझाही नमस्कार सांगा. काय करतो, विचारा. जेवला का विचारा."

(थोडा वेळ नुसतं घड्याळ.)

"कसा कापतोय तो हात. वेडा माणूस."

(चप्पल. लांब जाते.)

मामा, त्या रागावलेल्या नव्हत्या. मी फक्त तेवढ्यासाठी पुन्हा आठ वेळा ऐकलं. त्या जाताना हळू गेल्या, तुम्हाला त्रास होऊ नये अशा. आणि हात वर केलात तेव्हा त्या आधीच हसत होत्या.

मूळ टेप हाताने गुंडाळून ठेवली आहे. रविवारी मी स्वतः घेऊन येतो, मांडीवर धरून. टपालाने पाठवणार नाही.

खाली मामींनी सांगितलेला हिशेब आहे. बेरीज मी दोनदा केली, त्यांची बरोबर आहे. यातलं काही तुम्ही नंतर फेडलं असेल तर मला माहीत नाही.

तुमचा भाचा

टेपचं यंत्र: तुम्ही सांगितले २००, खरे ३६०
ट्रान्समीटरचे व्हॉल्व्ह: तुम्ही सांगितले १८, खरे ३२
एरियलची तार: तुम्ही सांगितली फुकट, खरे ११
एकूण खर्च: ४०३
दुकानदाराचं देणं: काही नाही
मामींचं देणं: ६०